तिसऱ्या खोलीचा कूलर कुठे लावाल?

प्रश्न : मी ४२ वर्षांची शिक्षिका आहे आणि माझे पती एका पतसंस्थेत नोकरीला आहेत. आम्ही नागपुरात मानेवाड्याजवळ भाड्याच्या टू-बीएचकेमध्ये राहतो. घरात ७३ वर्षांच्या सासूबाई, यंदा दहावीत गेलेली मुलगी आणि चौथीतला मुलगा आहे. गेले आठ महिने आम्ही बेसा, बेलतरोडी, पिपळा, हुडकेश्वर असे सगळीकडे फिरलो, पण जिथे जावे तिथे टू-बीएचकेच दाखवतात. थ्री-बीएचके म्हणून जे दाखवतात त्यातल्या तिसऱ्या खोलीत पलंग टाकला तर दार उघडणार नाही, आणि जे खरोखर ऐसपैस आहे ते वर्धा रोडवर, आमच्या आवाक्याबाहेर आहे. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, तिथल्या उपनगरांतही अपार्टमेंट म्हटले की एक नाहीतर दोन बेडरूम. बिल्डरांना आमच्यासारखी कुटुंबे नकोच आहेत का? आम्ही थांबावे, शेजारशेजारचे दोन छोटे फ्लॅट घेऊन जोडावेत, की प्लॉट घेऊन बांधावे? दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८२ हजार आहे आणि शिल्लक १४ लाख आहे.

उत्तर :

ताई, बिल्डरला तुमचे कुटुंब नको आहे असे मुळीच नाही. मात्र तुमच्यासाठी खोली बांधून ती विकली जाईपर्यंत थांबणे त्याला परवडत नाही. पस्तीस वर्षे या शहरात नकाशे काढल्यावर मी एवढे खात्रीने सांगू शकतो की फ्लॅटमधली तिसरी बेडरूम ही बांधायला सर्वांत स्वस्त खोली असते. खर्च होतो तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर, टाइल्सवर, नळाच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांवर, जिन्यावर आणि लिफ्टवर. बेडरूमला चार भिंती, एक खिडकी, एक दार आणि दोन-चार विजेचे पॉइंट पुरतात, आणि तरीही ती विकली जाते स्वयंपाकघराच्याच चौरस फुटाच्या दराने. एवढी फायद्याची खोली कोणी बांधत नसेल, तर अडचण बांधकामात नसून ग्राहकाच्या खिशात आहे, हे उघड आहे.

तुमचाच हिशेब मांडून पाहू. समजा, कार्पेटवर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर, चौरस फुटाला ६,५०० रुपये दर आहे. ६५० चौरस फुटांचा टू-बीएचके सव्वाबेचाळीस लाखांना पडतो आणि ९५० चौरस फुटांचा थ्री-बीएचके पावणेबासष्ट लाखांना. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, म्हणजे पहिल्या घरासाठी पदरचे साडेआठ लाख आणि दुसऱ्यासाठी सव्वाबारा लाखांवर रक्कम हवी. त्यात वस्तू व सेवा कराची पायरी येते. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के कर आहे. परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसले तर फक्त १ टक्का. नागपूरसारख्या शहरासाठी ती व्याख्या कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ९६८ चौरस फूट, आणि पार्किंग वगैरे सारे धरून किंमत ४५ लाखांपर्यंत अशी आहे. गंमत अशी की ९५० फुटांचे घर आकाराने त्या व्याख्येत आरामात बसते, पण किमतीने बाहेर पडते. परिणामी टू-बीएचकेवर कर सुमारे ४२ हजार आणि थ्री-बीएचकेवर तीन लाखांच्या वर. तुमचे १४ लाख मुद्रांक शुल्क भरण्याआधीच संपतात.

हप्त्याचेही तसेच आहे. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर पहिल्या घराचा हप्ता साधारण २९,३०० येतो आणि दुसऱ्याचा ४२,९००. बँका सहसा हातात येणाऱ्या पगाराच्या अर्ध्यापलीकडे हप्ता जाऊ देत नाहीत आणि तुमचा अर्धा पगार ४१ हजार आहे. शिवाय तुम्ही ५८ व्या वर्षी निवृत्त होणार असाल तर मुदत सोळाच वर्षे मिळेल आणि तोच हप्ता ४७ हजारांवर जाईल. बेसा-बेलतरोडीत घर शोधणाऱ्या बहुतेक कुटुंबांचे आकडे तुमच्यापेक्षा फार वेगळे नसतात, आणि बिल्डरला ते तुमच्याआधी ठाऊक असतात. तो फ्लॅट आखतो तो एकूण किमतीवरून उलटा मोजत : ग्राहकाला चाळीस-बेचाळीस लाख झेपतात, दर इतका, म्हणजे कार्पेट इतके, आणि त्यात बसतात दोन बेडरूम.

एक अनुभव सांगतो. बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका बिल्डरने शहराच्या दक्षिण टोकाला जोडलेल्या प्लॉटांवर चार मजल्यांची इमारत करायला घेतली होती आणि मी हट्टाने प्रत्येक मजल्यावर दोन टू-बीएचके आणि एक मोठा थ्री-बीएचके असा नकाशा दिला होता. दसऱ्याला बुकिंग उघडले आणि दिवाळीपर्यंत आठपैकी सात लहान फ्लॅट गेले. मोठ्या चारांपैकी एकच गेला, तोही जमिनीच्या मूळ मालकाला, मोबदल्यात. उरलेले पाहायला लोक दर रविवारी येत, तिसऱ्या खोलीत उभे राहून ‘छान आहे हो’ म्हणत, खाली उतरून किंमत विचारत आणि पुन्हा येत नसत. स्लॅब मात्र बुकिंगच्या पैशांवरच पडायचे होते. शेवटी वरच्या दोन मजल्यांवरची तिसरी बेडरूम मी माझ्याच हाताने नकाशातून काढली आणि तिची जागा हॉलला आणि शेजारच्या फ्लॅटला वाटून दिली. ते फ्लॅट दोन महिन्यांत गेले. त्या बिल्डरने नंतर माझ्याकडून एकही थ्री-बीएचके काढून घेतला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

पण यावर तुम्ही विचाराल की ज्यांना साठ-सत्तर लाख झेपतात अशी कुटुंबेही उपनगरात आहेतच, ती का घेत नाहीत? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर अगदी नागपुरी आहे. ती माणसे फ्लॅट घेतच नाहीत, ती प्लॉट घेतात. नागपूर सुधार प्रन्यास ही शहरविकासाची संस्था १९३६ च्या कायद्याने आली आणि तेव्हापासून या शहराची वाढ ले-आउट पाडून, प्लॉट विकून झालेली आहे. मुंबई-पुण्याकडे घर म्हणजे फ्लॅट, तर आपल्याकडे घर म्हणजे अजूनही तीस बाय पन्नासचा प्लॉट. तुमच्याच भागात कोणत्याही गच्चीवर उभे राहून पाहा. अर्ध्या घरांच्या कॉलममधून गंजलेल्या सळ्या वर आलेल्या दिसतील, कुठे त्यांवर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातलेल्या, कुठे त्यांना वाळवणाची दोरी बांधलेली. खाली आज दोन खोल्या आणि हॉल. मुलाचे लग्न ठरले की वर एक मजला. कुटुंब जसे वाढेल तसे ते घर वाढते, हप्ताही त्याच क्रमाने वाढतो, आणि न वापरलेल्या खोलीचे व्याज कोणी भरत नाही. फ्लॅटमध्ये तिसरी खोली पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे मोजून घ्यावी लागते. म्हणून उपनगरात ज्याला मोठे घर हवे आणि परवडते तो प्लॉटकडे, रो-हाउसकडे किंवा डुप्लेक्सकडे वळतो, आणि फ्लॅटचा बाजार उरतो नवविवाहितांना, बदलीवर आलेल्यांना आणि भाड्याने देण्यासाठी घेणाऱ्यांना. त्या सर्वांना दोन बेडरूम पुरतात.

धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स, बजाजनगर या भागांत मात्र तीन-चार बेडरूमचे फ्लॅट भरपूर दिसतात, कारण तिथे जमीन इतकी महाग झाली आहे की पैसेवाल्यालाही प्लॉट परवडत नाही, आणि जुना बंगला पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत मूळ मालकाच्या भावंडांना मोठेच फ्लॅट हवे असतात. म्हणजे शहरात जागा अपुरी म्हणून मोठे फ्लॅट आणि उपनगरात जागा मुबलक म्हणून लहान, असे वरवर उफराटे दिसणारे चित्र तयार झाले आहे.

आता त्या पलंग टाकल्यावर दार न उघडणाऱ्या खोलीविषयी. प्लॉट जोडून केलेल्या इमारतीत मधोमध जिना आणि लिफ्ट, आणि चार कोपऱ्यांना चार फ्लॅट अशी रचना असते. प्रत्येक फ्लॅटला बाहेरच्या भिंती दोनच मिळतात. संडास-बाथरूम डक्टवर, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या पोकळीवर, भागते, पण राहत्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी लागते. हॉल, स्वयंपाकघर आणि दोन बेडरूम यांनीच त्या दोन भिंती संपतात. तिसरी बेडरूम करायची तर ती आत ढकलावी लागते, तिच्यापर्यंत जायला बोळ काढावा लागतो, आणि रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येप्रमाणे आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्येच मोजली जाते, म्हणजे बोळाचे आणि विटांचेही पैसे तुम्हीच भरता. ‘अडीच बीएचके’ हा शब्द याच अडचणीतून जन्मला आहे. ती अर्धी खोली पुष्कळदा मंजूर नकाशात स्टोअर किंवा बंद केलेली बाल्कनी असते.

अशी खोली ओळखण्याची माझी परीक्षा साधी आहे : मे महिन्यात तिथे कूलर कुठे लावाल? पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या या गावात ज्या खोलीच्या खिडकीबाहेर कूलरचा स्टँड बसत नाही, किंवा जिची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि कूलरला बाहेरची ताजी हवा मिळत नाही, ती खोली वर्षातले तीन महिने कपाट म्हणूनच वापरली जाते, मग माहितीपत्रकात तिच्यात काहीही काढलेले असो.

भावाच्या न्यू जर्सीची कथा वेगळी आहे. तिथे गाठ मुख्यतः कायद्याने घातलेली आहे. अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी तीन मजल्यांच्या वरच्या निवासी इमारतीला दोन जिने लागतात. ते जोडायला मधून लांब कॉरिडॉर जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या फ्लॅटना एकाच अंगाला खिडक्या मिळतात. अशा घरात एक किंवा दोन बेडरूम सहज बसतात, तिसरी फक्त कोपऱ्यावर. सिएटलमध्ये सहा मजल्यांपर्यंत एका जिन्याची मुभा असल्याने तिथले वास्तुकार इतर शहरांना तिचा दाखला देत असतात. पण त्याहून खोल कारण शाळेचे आहे. तिथे शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो, त्यामुळे उपनगराच्या कारभाऱ्यांना मुले म्हणजे खर्च आणि बेडरूम म्हणजे मुले असा हिशेब सुचतो. न्यू जर्सीच्याच माउंट लॉरेल गावाने अपार्टमेंटला परवानगी देताना घातलेल्या अटी १९७५ च्या त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदवलेल्या आहेत : एका बेडरूमच्या घरात शाळेच्या वयाचे मूल राहू द्यायचे नाही, आणि सरासरी दर घरामागे ०.३ पेक्षा जास्त मुले गावच्या शाळेत आली तर वरच्या मुलांचा शिक्षणखर्च बिल्डरने भरायचा. गरिबांना आणि मध्यमवर्गीयांना गावाबाहेर ठेवणारी ही नियमावली न्यायालयाने फेटाळली, पण तो हिशेब अजून पुरता गेलेला नाही. त्याच्याही आधी, १९२६ मध्ये, युक्लिड या क्लीव्हलँडच्या उपनगराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घरांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटला चक्क बांडगुळाची उपमा दिली होती. तेव्हा तुमच्या भावाचे निरीक्षण अचूक आहे. फक्त तिथे कुटुंबांना फ्लॅटपासून दूर ठेवण्यात नियमांचा हात आहे, तर इथे प्लॉटच्या ओढीचा आणि हप्त्याचा.

तुमच्या तीन पर्यायांकडे येतो. थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. वर सांगितलेली कारणे वर्ष-दोन वर्षांत बदलणारी नाहीत, आणि तुमच्या कर्जाची मुदत मात्र दर वर्षी एका वर्षाने कमी होत जाईल.

दोन फ्लॅट जोडण्याची कल्पना ऐकायला आकर्षक आहे आणि मी तिच्या विरोधात आहे. दोन करारनामे, दोनदा मुद्रांक शुल्क, दोन वीज मीटर, दुप्पट देखभाल खर्च, आणि एक नको असलेले स्वयंपाकघर यांचे पैसे भरून तुम्हाला मिळणार आहेत चार बेडरूम, ज्यांची तुम्हाला गरज नाही. मधली भिंत फोडण्यासाठी सुधारित नकाशाची मंजुरी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते. भिंतीत कॉलम निघाला तर दार हवे तिथे येत नाही. शिवाय तुमच्या पगारात दोन्ही फ्लॅटचे कर्ज बसत नाही, त्यामुळे ही चर्चा इथेच थांबवू.

प्लॉटचा मोह मला समजतो, पण तुमच्या बाबतीत तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. बँक प्लॉटवर बांधण्यासाठी कर्ज देते ते जोते, स्लॅब असे टप्प्याटप्प्याने, आणि बांधकाम चालू असताना भाडे आणि व्याज दोन्ही भरावे लागते. त्यात मुलीचे दहावी-बारावीचे वर्ष आणि साइटवर रोज जाऊन उभे राहणारे घरात कोणी नाही. तरीही घ्यायचाच झाला तर ज्याला इथे सारेच ‘आर. एल.’ म्हणतात ते प्लॉट अधिकृत असल्याचे पत्र प्रन्यासचे किंवा एनएमआरडीएचे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे) आहे का, हे मूळ प्रत पाहून ठरवा. ‘होऊन जाईल’ या शब्दावर घेतलेल्या अनधिकृत ले-आउटमधल्या प्लॉटांनी या शहरात दोन पिढ्या प्रन्यासच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. १९०० आणि ५७२ ले-आउट हे अशा अनधिकृत ले-आउटांचे आकडे नागपूरकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. आणि डुप्लेक्स कोणी दाखवलाच तर सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करा, कारण त्यात बेडरूम बहुधा वरच असतात.

माझा सल्ला चौथ्या पर्यायाचा आहे, जो तुम्ही पत्रात लिहिलेला नाही : दहा-पंधरा वर्षे जुन्या इमारतीतला, पुनर्विक्रीचा थ्री-बीएचके. मनीषनगर, नरेंद्रनगर, त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर या पट्ट्यात प्लॉटमालकाने बिल्डरबरोबर भागीदारीत केलेल्या इमारती पुष्कळ आहेत. त्यांत मालकाने आपल्या कुटुंबासाठी एखादा मोठा फ्लॅट ठेवलेला असतो आणि मुले पुण्या-बंगळुरूला स्थिरावली की तोच विक्रीला निघतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराच्या पुनर्विक्रीवर वस्तू व सेवा कर नाही, म्हणजे तीन लाख तिथेच वाचले. खरेदीखत एकट्या तुमच्या नावे केले तर महिलांसाठीची मुद्रांक शुल्कातली १ टक्क्याची सवलत मिळते. पतीचे नाव खतात आले की ती जाते, कर्जात मात्र ते सहकर्जदार राहू शकतात. पन्नास लाखांपर्यंत व्यवहार ठरला तर चाळीस लाखांच्या कर्जाचा हप्ता सोळा वर्षांच्या मुदतीतही ३८ हजारांच्या आसपास बसतो. ओढाताण होईल, पण निभेल. लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्याच्या वर जाऊ नका, आणि बँकेचे मूल्यांकन हाती येईपर्यंत मोठा इसार देऊ नका, कारण जुन्या इमारतीची किंमत बँक पुष्कळदा मालकापेक्षा कमी धरते आणि तेवढा फरक तुमच्या शिलकीतून जातो.

नव्या इमारतीतलाच एखादा मनात भरला तर एक लक्षात ठेवा. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा किंवा आठपर्यंत फ्लॅटचा प्रकल्प महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदवणे बंधनकारक नाही. पंधराशे फुटांचे दोन प्लॉट जोडले तरी २७९ चौरस मीटरच होतात, म्हणून तुम्ही पाहिलेल्या अनेक इमारती त्या संकेतस्थळावर सापडणार नाहीत. अशा वेळी मंजूर नकाशाची शिक्का असलेली प्रत बिल्डरकडून मागून घ्या आणि तुम्हाला दाखवलेल्या तिसऱ्या खोलीवर त्यात काय नाव लिहिले आहे ते वाचा.

घर पाहायला रविवारी सकाळी जाऊ नका. सोबत मोजायचा टेप घ्या, दुपारी तीनची वेळ मागून घ्या, तिसऱ्या खोलीचे दार बंद करून दहा मिनिटे आत बसा, पश्चिमेची भिंत हाताला किती तापलेली लागते ते पाहा, आणि सासूबाईंना जिन्याने एकदा वर येऊ द्या. मुलगी तीन वर्षांनी शिकायला बाहेर गेली तरी सुट्टीत येईल ती त्याच खोलीत, तेव्हा खिडकीबाहेरच्या स्टँडची जागा तिलाच मोजायला सांगा.